पुलावरचा कोट

“मला त्यांना भेटायचं नव्हतं, त्यांच्यासारखं उभं राहायचं होतं.”

मास्तर हे एकदाच म्हणाले, तेही दातांत टाचण्या धरून, एका गिऱ्हाइकाच्या पाठीचं माप घेताना. गिऱ्हाइकाला वाटलं, आपल्याला नीट उभं राहायला सांगताहेत. तो ताठ झाला. मास्तरांनी माप पुन्हा घेतलं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो, मांडीवर वही होती, आणि समोरच्या टेबलावर पांढऱ्या चादरीखाली सेनापतींचा कोट होता.

सेनापती म्हणजे ज्यांनी पूल ओलांडला ते. आम्ही सगळेच तो धडा पाठ करून मोठे झालो. हिवाळ्यातली सकाळ, अर्धा उडवलेला पूल, पलीकडे शत्रू, आणि डाव्या खांद्यात गोळी घुसलेली असताना सगळ्यांच्या पुढे चालत गेलेला एक तरुण अधिकारी. तिथून युद्ध फिरलं. ते संपलं तेव्हा तो अधिकारी सेनापती झाला होता. मग त्यांनी गणवेश उतरवला, निवडणूक लढवली आणि तीस वर्षं देशाचा कारभार पाहिला. धरणं बांधली, मुलींच्या शाळा काढल्या, हरलेल्या शत्रूशी तह केला आणि तो पाळला. लोक त्यांना शेवटपर्यंत सेनापतीच म्हणत. फोटोत, नाण्यावर, चौकातल्या पुतळ्यात त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड बोट खाली असे.

मास्तरांचाही होता. सहा वर्षांचे असल्यापासून त्यांनी तो तसा धरला होता. अठराव्या वर्षी ते सैन्यात भरती व्हायला गेले. तळपाय सपाट म्हणून परत पाठवलं. मग वडिलांच्या दुकानात, वडिलांच्या समोरच्या बैठकीवर बसून शिवायला लागले. खांदा मात्र खालीच राहिला, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी तो वर घ्यायचा म्हटलं तरी येईना.

“लग्नात मला वाटलं, यांना गोळीबिळी लागलेली आहे,” काकूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. काकू म्हणजे मास्तरांची बायको. “मैत्रिणींना अभिमानानं सांगत फिरले. सहा महिन्यांनी कळलं, नुसती हौस आहे.”

“मी कधी म्हटलं होतं गोळी लागली म्हणून?” मास्तर म्हणाले.

“नाही लागली असंही कुठं म्हणालात?”

मी सेनापतींच्या स्मारकात नोंदणी कारकून आहे. त्यांचं राहतं घर आता स्मारक झालंय, आणि तिथल्या मधल्या दालनात, काचेच्या पेटीत, पुलावरचा कोट असतो. जाड लोकरीचा, राखी रंगाचा, लांब लष्करी कोट. डाव्या खांद्याशी, बाहीच्या जोडाला लागून, गोळीचं भोक. पुढे तीस वर्षं मोठ्या सभांना सेनापती तोच कोट घालून जात. आता साठ वर्षांत लोकर विरत चालली, म्हणून संचालकबाईंनी ठरवलं की हुबेहूब दुसरा करून तो पेटीत ठेवायचा आणि मूळचा कोठीत, अंधारात. शहरातले चांगले शिंपी मशीनवर काम करणारे. पूर्ण कोट हातानं बेतून हातानं शिवणारे मास्तर एकटेच उरले होते. शिवाय त्यांचे वडील त्याच युद्धात छावणीचे शिंपी होते. संचालकबाईंना ते फार आवडलं.

आमच्याकडे नियम आहे: वस्तू बाहेर गेली तर ती एकटी राहता कामा नये. म्हणून रोज सकाळी नऊला मी कोट पेटीत घालून मास्तरांकडे आणायचा, दिवसभर त्याच्यासोबत बसायचं, जे जे होईल ते वेळ टाकून वहीत लिहायचं, आणि पाचला परत न्यायचा. वही रोज संध्याकाळी संचालकबाईंच्या टेबलावर. हे काम मी अठरा वर्षं करतोय. वहीत मी कधी खोटं लिहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांनी तीनदा हात धुतले. तासभर कोटाला हात लावला नाही, नुसते भोवती फिरले. माझ्या वहीत लिहिलंय: नऊ चाळीस ते दहा पस्तीस, पाहणी. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “पाहुणे, तुम्ही कोटाला घेऊन आलात की कोट तुम्हाला?”

मग मास्तरांनी तो उचलला. दोन्ही हातांवर आडवा, झोपलेल्या मुलाला उचलतात तसा. दुकानात कोट चढवायचं एक लाकडी धड होतं, एका पायावर उभं, बिनडोक्याचं, वर कापूस आणि किनतानाचं जाड कापड गुंडाळलेलं. स्मारकातल्या कार्डावर सेनापतींची मापं होती. त्या मापांनी मास्तरांनी आदल्या आठवड्यातच ते धड भरून तयार ठेवलं होतं. कोट त्यावर नीट बसला. मास्तर मागे सरकून उभे राहिले, आणि मी पाहिलं की त्यांचा चेहरा त्रासला आहे.

“काय झालं?”

“खिसे.”

“खिशांचं काय?”

“चुकलेत. फार खाली आहेत. आणि मागे गेलेत.” त्यांनी स्वतःचा हात धडाच्या बाजूनं सोडला आणि बोटं खिशात घालायचा प्रयत्न केला. त्यासाठी त्यांना एका बाजूला वाकावं लागलं. “कुठल्या गाढवानं शिवलाय हा? सेनापतींचा कोट, आणि त्यांना खिशात हात घालता येऊ नये?”

ते बोलता बोलता थांबले. मीही. कारण आम्हा दोघांना एकदमच शाळा आठवली. मुलांनो, खिशातले हात बाहेर! सेनापतींचे हात कधी कुणी खिशात पाहिलेत? हे वाक्य देशातल्या प्रत्येक शिक्षकानं प्रत्येक वर्गात म्हटलं असेल. मी माझ्या मुलीलाही म्हटलंय.

मास्तर पेन्सिल घेऊन कागदावर माप उतरवत बसले. दुपारी रस्त्यावरून उन्हाचा एक चौकोन आत आला, फरशीवरून सरकत धडापाशी गेला, कोटाच्या घेरावर चढला आणि नाहीसा झाला. दुकानात दोनच माणसं होती. तरी मी वहीत मान घालून लिहीत होतो तेव्हा, आपल्या बोलण्यात तिसरं कुणीतरी भाग घ्यायचं टाळतंय, असं मला वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी अस्तर उघडायची परवानगी मागितली. आतली शिवण कळल्याशिवाय हुबेहूब कोट होणार नव्हता. संचालकबाईंनी फोनवर होकार दिला: डाव्या खांद्याशी चार बोटं, त्याहून जास्त नाही.

अकरा चाळीसला मास्तरांनी अस्तर उसवलं. एकेक टाका कापून, दोरा चिमट्यानं ओढून, बशीत ठेवत. मग त्यांनी ते पान उलटावं तसं उलटलं आणि भिंग लावलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिंपी कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतो. त्याला माया म्हणतात. माणूस जाड होईल, पोरगा वाढेल, तेव्हा उसवून मोठं करता यावं म्हणून. आणि मोठा कपडा लहान करायचा असेल तर चांगला शिंपी उरलेलं कापड कापून टाकत नाही. ते आत दुमडतो आणि त्यावरून शिवतो. मास्तरांचे वडील मरेपर्यंत हे सांगत असत की कापलेलं परत येत नाही, दुमडलेलं येतं.

मास्तरांनी भिंग माझ्या हातात दिलं. “बघा.”

मला शिवण्यातलं काही कळत नाही, पण ते पाहायला कळण्याची गरज नव्हती. बाहेरून दिसणारं भोक हे अर्धंच भोक होतं. उरलेलं अर्धं शिवणीच्या आत, दुमडलेल्या मायेत होतं. दोन्ही कडा जुळत होत्या. आणि आतल्या कापडावर, जिथे साठ वर्षांत ऊन पोचलं नव्हतं, एक मोठा तपकिरी डाग पसरत पसरत दुमडीखाली गेला होता. बाहेरच्या बाजूला तो धुऊन काढलेला असावा. आत तो तसाच होता.

“म्हणजे?” मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

“म्हणजे गोळी आधी लागली. कोट नंतर आत घेतलाय.”

“जखमी होते. रोडावले असतील. आजारपणात माणूस निम्मा होतो.”

“रोडावतो, कारकूनसाहेब. बुटका होत नाही.” मास्तरांनी बाहीची कड उलटली. “ही चार बोटं आत आहे. खालचा घेर तर वीतभर वर घेतलाय. म्हणून खिसे खाली गेले. खिसे आहेत तिथंच आहेत. माणूस वर सरकला.”

मग ते टाके बघायला लागले आणि त्यांचं भिंग थांबलं. भिंगावरून डोळा न काढता त्यांनी मला सांगितलं, “तिला म्हणावं, ट्रंकेतलं दादांचं जाकीट आण.”

दादा म्हणजे त्यांचे वडील. काकूंनी जाकीट आणलं. मास्तरांनी त्याचं अस्तर उलटून कोटाच्या शेजारी ठेवलं. टाके सगळे डावीकडे झुकलेले, पावसात गवत झुकतं तसे, आणि शिवण जिथे संपे तिथे तीन उलट्या टिपा आणि दोऱ्याचं टोक आत ओढून घेतलेलं. दोन्हीकडे तेच.

“दादा डावखुरे होते,” काकू मला हळूच म्हणाल्या. “हे दोघं समोरासमोर बसून शिवायचे. बघणाऱ्याला वाटायचं, मध्ये आरसा आहे.”

मास्तर म्हणाले, “मी त्यांना पुलाची गोष्ट सांगायचो. शाळेतून आलो की रोज. ते शिवत असायचे. गोष्ट संपली की विचारायचे, कोणता खांदा? मी म्हणायचो, डावा. मग मान हलवायचे आणि पुन्हा शिवायला लागायचे. एवढंच. दर वेळी. मला वाटायचं, म्हातारा विसरतो.”

काकूंनी जाकीट घडी करायला घेतलं. मास्तरांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि कोटाशेजारीच राहू दिलं.

त्या संध्याकाळी मी वहीत सगळं लिहिलं. अकरा चाळीस, अस्तर उघडलं. बारा पाच, भोकाचा अर्धा भाग शिवणीच्या आत आढळला. डाग आढळला. बारा तीस, टाके स्वतःच्या वडिलांचे असल्याचं मास्तरांचं म्हणणं. सवयीनं लिहिलं. लिहिताना हात जरासा जरी थांबला असता, तरी पुढे काय झालं याचा विचार करताना मला आता कमी त्रास झाला असता.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं, मास्तर काम सोडतील. ते माझ्याआधीच हात धुऊन तयार होते.

“हुबेहूब पाहिजे ना?” ते म्हणाले. “मग त्याच क्रमानं करावा लागेल. आधी त्याचा कोट शिवायचा. मग भोक. मग आत घ्यायचं. नाहीतर तो कोट होणार नाही, सोंग होईल.”

त्याचा म्हणजे कुणाचा, हे मी विचारलं नाही.

पुढचे पाच दिवस मास्तर त्या माणसाला शोधत होते. कोटावर वाकून, बोटांनी, नाकानं सुद्धा. कापडावर माणूस राहतो, असं ते म्हणत. मी हसण्यावारी नेत होतो, ते आता जमेना. उंच माणूस, म्हणाले, सेनापतींहून वीतभर उंच. दारातून वाकून जाणारा, कारण कॉलरच्या मागे मानेची घासण आहे. उजव्या खिशात अंगठा बाहेर ठेवून हात घालायचा. आतल्या खिशात काहीतरी गोल ठेवायचा, डबीसारखं. त्याचा वळ अस्तरावर अजून आहे. उजव्या बाहीची कड चावलेली आहे. “चावायचा,” मास्तर म्हणाले. “विचार करताना. किंवा भीती वाटली की.” हे ते इतक्या आपुलकीनं म्हणाले, की मी दाराकडे पाहिलं.

त्यांनी धडाचा पाय वाढवला, खाली लाकडाचा ठोकळा घातला, छातीवरचा कापूस कमी केला, पाठीला किंचित पोक दिलं. आणि नव्या राखी कापडाचा कोट, कच्च्या धावदोऱ्यावर, त्यावर चढवला. तो सेनापतींचा कोट नव्हता. मूळचा कोट टेबलावर चादरीखाली निजलेला, आणि हा उभा. संध्याकाळी मी मूळचा घेऊन जायचो. हा दुकानातच राहायचा.

सहाव्या की सातव्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, दाराशी थांबलं, आणि बराच वेळ आत येईना. मास्तर म्हणाले, “या की.” तो म्हणाला, “त्यांचं होऊ दे आधी. ते माझ्याआधी आलेत.” मग त्यानं नीट पाहिलं, ओशाळून हसला, आणि पँट टाकायला आलोय म्हणाला. पण ती टाकून जाताना धडाला वळसा घालून गेला, एखाद्याला धक्का लागू नये म्हणून जातात तसा.

त्याच दुपारी काकू चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये चार कप होते. त्यांनी एक मास्तरांना दिला, एक मला, एक स्वतः घेतला आणि ट्रेकडे बघत राहिल्या.

“मी चार का आणले?”

त्यांनी धडाकडे पाठ केली. “अहो, हा कोण आहे?”

“माहीत नाही.”

“मग उभा कशाला करून ठेवलाय?”

“बसवता येत नाही,” मास्तर म्हणाले.

काकूंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. चौथा कप तसाच राहिला. पाचला मी निघालो तेव्हा त्यावर साय धरली होती. तो उचलायचं धाडस कुणी केलं नाही, म्हणजे कुणाला सुचलं नाही, असं आपण म्हणू.

त्या दिवसांत मास्तर माझ्याशी थोडं बोलायला लागले होते. एकदा म्हणाले, “पुलावर कोण गेलं ते मला कळलंय.” मी वहीतून मान वर केली. “कोट गेला. लांबून कोटच दिसतो. पुढचा माणूस पुलावर पडला असेल, तिथंच. मागच्यांना कळलं असतं तर पळाले असते. मग कुणीतरी म्हणालं असेल, कोट काढा. शिंप्याला बोलवा. सकाळपर्यंत आत घ्या.” त्यांनी सुई कापडातून काढली. “दुसऱ्या सकाळी तो रांगेसमोरून चालला असेल. डावा खांदा पाडून. लोक ओरडले असतील आनंदानं. त्या वेळी पंचवीस वर्षांचा असेल तो. आणि मग तीस वर्षं पाडलेला खांदा त्याला वर घेता आला नाही.”

“हे तुम्ही रचताय, मास्तर.”

“हो. पण कापड मी रचलेलं नाही.” थोड्या वेळानं म्हणाले, “धरण खरं आहे ना? मी पाहिलंय. तहही खरा. त्यांनी केलं ते सगळं. मग मी चिडू कुणावर? आणि दादा मला बोलले का नाहीत? नव्हतं बोलायचं, तर माया कापून टाकायची. एका कात्रीचं काम. कापली का नाही?”

“शिंपी कापत नाही म्हणाला होतात.”

“शिंपी कापत नाही,” ते म्हणाले. “पण ज्याला लपवायचंय तो कापतो. दादा त्या रात्री कोण होते, हेच मला कळत नाही.”

भोक पाडायचा दिवस दहावा. मास्तरांनी लोखंडी टोचा शेगडीवर लाल होईपर्यंत तापवला. खांद्यावर खडूनं खूण होती. त्यांनी डाव्या हातानं धडाला मागून आधार दिला, आणि टोचा टेकवण्याआधी, टाचणी लावताना गिऱ्हाइकाला म्हणतात त्या आवाजात म्हणाले, “जरा लागेल हं.”

लोकर जळाल्याचा वास केस जळाल्यासारखा असतो. मी वहीत वेळ टाकली. अकरा दहा.

कोट आत घ्यायला मास्तरांना एक दुपार लागली. माझ्याकडे पाठ करून बसले होते. सुई डाव्या हातात होती. टाके डावीकडे झुकायला हवे होते म्हणून. काही वेळानं मला दिसलं की हात अडखळत नाहीये. तो सराईतासारखा चालत होता, जणू आयुष्यभर दुसरा हात हे सांभाळून ठेवत होता. उभा माणूस हळूहळू धडावरून उतरला. बाह्या आखडल्या, घेर वर गेला, भोक अर्धं आत शिरलं. पाचच्या आधी सेनापती तयार होते. आत माया तशीच दुमडलेली होती, चार बोटं.

अकराव्या दिवशी सकाळी संचालकबाई स्वतः आल्या. वही त्यांच्या हातात होती.

बाई वाईट नाहीत. मी त्यांना अठरा वर्षं ओळखतो. त्यांनी दोन्ही कोट शेजारी शेजारी पाहिले, भिंग मागून घेतलं, अस्तर उचललं, आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या.

“मास्तर, असं काम आता कुणी करत नाही.”

मास्तरांनी मान लववली.

“एकच करायचं. आतलं जास्तीचं कापड काढून टाका. दोन्हीतलं. कसर तिथंच लागते.”

“साठ वर्षं लागली नाही.”

“आता लागेल.”

बाईंनी वही मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

“मी सेनापतींनी काढलेल्या शाळेत शिकले,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. माझ्या गावात त्या शाळेआधी एकाही बाईला येत नव्हतं. तुम्ही म्हणता तसं असेलही. नसेलही. पण तो कुणीतरी, त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे?”

“नाही.”

“त्याच्या घरचं कुणी?”

“नाही.”

“मग ज्याला नाव नाही त्याच्यासाठी, ज्यांनी एवढ्यांना नाव लिहायला शिकवलं त्यांना तुम्ही उघडं पाडणार? आणि तुमच्या वडिलांना? त्यांनी तर हातानं केलंय.”

काकू आतल्या दारात येऊन उभ्या होत्या. मास्तर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “बाई, एक विचारू? सेनापतींना माहीत होतं का?”

“काय?”

“आत कापड आहे ते. तीस वर्षं अंगावर होतं. मुंढ्यात, काखेशी, रुततं ते. मी नवा घालून पाहिलाय. प्रत्येक वेळी हात वर केला की टोचतं.”

बाईंनी मांडीवरची वही मिटली. “मला माहीत नाही,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्या खरं बोलत होत्या.

“सांगितलं असतं तर कुठल्याही शिंप्यानं कापून दिलं असतं.”

“मास्तर.” त्यांनी टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. आवाज मऊ होता. “तुम्ही नाही कापलंत तर दुसरा कुणीतरी कापेल. त्याला मूळ कोटाची कदर नसेल. तुम्ही कापलंत तर निदान नीट कापाल.”

मास्तरांनी कात्री घेतली. मूळ कोटाचं अस्तर उलटलं. डाव्या हाताची दोन बोटं दुमडीत घालून त्यांनी ती माया बाहेर ओढली, उलगडली, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा ते भोक पूर्ण गोल झालं. डाग उजेडात आला. कात्रीची पाती उघडली. काकूंनी “अहो” म्हटलं, इतक्या हळू की ते रागानं होतं की विनवणीनं, ते कळलं नाही. मास्तर बघत होते. मी त्यांना त्याआधी आणि नंतर कुणाकडे तसं बघताना पाहिलं नाही; पोराचं तोंड आठवणीत ठेवायला बघतात तसं.

पाती मिटली. मध्ये कापड नव्हतं.

मास्तरांनी कात्री फिरवली. शिंपी दुसऱ्याच्या हातात कात्री देताना टोक स्वतःकडे आणि मूठ समोरच्याकडे करतो. तशी त्यांनी ती बाईंसमोर टेबलावर ठेवली. बाई कात्रीकडे पाहत राहिल्या. त्यांचा हात उठला नाही. बोटावरची अंगुस्तानाची टोपी काढून मास्तरांनी शेजारी ठेवली. गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, तीही ठेवली. उघड्या पडलेल्या कोटावर चादर ओढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. ती बाजूलाच राहू दिली.

मग ते काकूंच्या शेजारून, माझ्या स्टुलाच्या शेजारून, दाराकडे चालत गेले. बाई म्हणाल्या, “मास्तर, थांबा.” दार उघडलं. बाहेर सकाळचं लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर नेहमीसारखी माणसं. मास्तर त्यांच्यात उतरले.